शिपाई आणि सुरुंग : एका भाषणातील अलंकारांचा विचार

मराठीत 'भाषण फार आलंकारिक झाले' हे वाक्य कौतुकाचे कमी आणि तक्रारीचे जास्त असते. वक्त्याने शब्दांची आतषबाजी केली, टाळ्या घेतल्या, पण हाती काही लागले नाही, असा त्याचा अर्थ आपण घेतो. याला थोडेफार शाळेतले व्याकरण जबाबदार आहे. अलंकार म्हणजे दागिना. शरीर वेगळे, दागिना वेगळा. दागिना काढून ठेवला तरी शरीराचे काही बिघडत नाही, ही समजूत तिथेच पक्की होते. एकदा ती पक्की झाली की राजकीय भाषणाचे दोन भाग पाडायला आपण मोकळे होतो : 'विचार' आणि 'भाषा'. विचार विचारवंतांनी तपासायचा, भाषेची वाहवा वक्तृत्व स्पर्धेच्या परीक्षकांनी करायची.

'अलंकार' या शब्दाच्या पोटात मात्र 'अलम्' आहे, आणि 'अलम्'चा एक अर्थ 'पुरेसे' असा आहे. जे उक्तीला पुरेशी करते, तिला तिच्या कामाला समर्थ करते, तो अलंकार. मी अलंकारशास्त्र कोणत्याही विद्यापीठात शिकलेलो नाही. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत सापडलेले ग्रंथ आणि ते समजावून सांगणारे एक-दोन वडीलधारे, एवढीच माझी शिदोरी. त्यामुळे शास्त्राच्या बारकाव्यांवर वाद घालण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. पण या दुसऱ्या अर्थाची कसोटी एखाद्या खऱ्याखुऱ्या राजकीय भाषणाला लावून पाहावी, असे बरीच वर्षे मनात होते. भाषण असे हवे होते की ज्याला कोणी 'आलंकारिक' म्हणणार नाही. रूक्ष म्हटले तरी चालेल.

म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतील भाषण मी निवडले. दुसऱ्या दिवशी, २६ नोव्हेंबरला, सभेने संविधान स्वीकारले. हे भाषण इंग्रजीत झाले. मराठी वाचक ते अनुवादातून आणि त्याहून जास्त सुट्या वाक्यांतून ओळखतो. सभागृहांच्या भिंतींवर, दिनदर्शिकांवर, डिसेंबर आणि एप्रिलच्या भाषणांत त्यातली तीन-चार वाक्ये फिरत असतात. सुटे वाक्य सुभाषित होते, आणि सुभाषिताला कोणी उलट प्रश्न विचारत नाही. हे भाषण तर प्रश्न विचारण्यासाठीच उभे होते. त्यातली वाक्ये मूळ जागी परत ठेवली की ती काय करतात, एवढेच मला पाहायचे आहे.

भाषणाची सुरुवात हिशेबाने होते. ९ डिसेंबर १९४६ ला सभा प्रथम भरली, त्याला दोन वर्षे, अकरा महिने, सतरा दिवस झाले. (आज सर्वत्र अठरा दिवस म्हणतात; तो हिशेब २६ तारखेपर्यंतचा.) अकरा अधिवेशने, १६५ दिवस, पैकी ११४ दिवस मसुद्याच्या विचारात. मसुदा समिती बसली १४१ दिवस. घटनात्मक सल्लागारांच्या कच्च्या मसुद्यात २४३ अनुच्छेद होते, मसुदा समितीने सभेपुढे ठेवलेल्या मसुद्यात ३१५, अखेरीस ३९५. दुरुस्त्या सुचवल्या गेल्या सुमारे ७,६३५, प्रत्यक्ष मांडल्या गेल्या २,४७३. मग अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका यांनी आपापल्या घटनांना किती वेळ घेतला आणि त्यांच्या घटनांत किती कलमे आहेत, याची तुलना.

वक्तृत्वाच्या कोणत्याही वर्गात अशी सुरुवात करू नये असेच शिकवतील. पण बॅरिस्टर न्यायालयात उभा राहतो तेव्हा आधी दप्तर उघडतो. वेळ फार घेतला, पैसा फार खर्च झाला, ही टीका तेव्हा उघडपणे होत होती. तिला उत्तर देणे हा या आकड्यांचा वरवरचा हेतू. त्यांचा दुसरा उपयोग भाषणात बऱ्याच पुढे, अगदी स्फोटाच्या क्षणी होतो. त्याकडे मी येईन. तूर्त एवढेच नोंदवतो की आकडेसुद्धा अलंकाराचे काम करू शकतात. आमच्या अलंकारांच्या यादीत त्यांना जागा नाही, हे यादीचे उणेपण.

हिशेबाच्या या रखरखाटात एक झुळूक येते. सदस्य नझिरुद्दीन अहमद यांनी मसुदा समितीला, म्हणजे 'ड्राफ्टिंग कमिटी'ला, 'ड्रिफ्टिंग कमिटी' असे नाव ठेवले होते. ड्रिफ्ट म्हणजे प्रवाहासोबत वाहत जाणे. समितीला सुकाणू नाही, असा टोमणा. आंबेडकर या शब्दावर चिडत नाहीत, तो परतही करत नाहीत. ते तो स्वीकारतात. अहमद यांना प्रशंसा करायची नसली तरी आपण ती प्रशंसाच समजतो, असे म्हणतात. आम्ही वाहत होतो खरे, पण ताबा सुटलेला नव्हता. गळ टाकून मासा लागतो का पाहत बसलो नव्हतो. ओळखीच्या पाण्यात, हवा तो मासा शोधत होतो. अधिक चांगल्याचा शोध घेणे आणि वाहवत जाणे एक नव्हे.

एकाने एका अर्थाने उच्चारलेले बोलणे दुसऱ्याने निराळ्या अर्थाने जोडून घ्यावे, याला आपल्याकडे वक्रोक्ती म्हणतात. मम्मटाने तिचे दोन प्रकार सांगितले : श्लेषाने होणारी आणि काकूने, म्हणजे आवाजाच्या चढउताराने होणारी. शिवपार्वतीच्या लटक्या भांडणांचे श्लोक हे तिचे नेहमीचे माहेर. इथे ती संविधान सभेच्या कामकाजात आली आहे आणि नेमके राजकीय काम करते आहे. प्रतिपक्षाच्या टोमण्यातले पाणी आंबेडकरांनी तसेच ठेवले, फक्त त्यावर नाव आणि नावाडी आणून सोडले. विरोधकाचा अपमान न करता त्याचा शब्द काढून घेण्याची ही रीत आजच्या विधिमंडळाच्या कामकाजात शोधूनही क्वचितच सापडते. आज टोमण्याला मोठा टोमणा मिळतो आणि दोन्ही बातमीत येतात.

त्यानंतर आभार. श्रेय आपले नाही, ते अंशतः बेनेगल नरसिंग राव यांचे, मसुदा समितीच्या सदस्यांचे, आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचे, असे ते म्हणतात. आपण या सभेत आलो तो अनुसूचित जातींचे हितसंबंध राखण्यापलीकडे कोणतीही आकांक्षा न धरता, हेही सांगतात. याला विनय म्हणून पुढे जाता येईल. पण हा माणूस अर्ध्या तासात सभागृहाला व्यक्तिपूजेविरुद्ध बजावणार आहे, आणि त्या आठवड्यात सभागृहात सर्वाधिक स्तुती ज्यांची होत होती त्यांत तो स्वतः आहे. स्वतःभोवतीचा हार आधी उतरवून बाजूला ठेवल्याशिवाय तो इशारा देता आला नसता. श्रेय वाटून टाकणे ही पुढच्या युक्तिवादाची पूर्वतयारी आहे.

केंद्र आणि राज्यांच्या अधिकारांवरचा मधला भाग मी सोडून देतो. तो आवश्यक होता, कायद्याच्या अभ्यासकांना महत्त्वाचा आहे. वक्तृत्वाच्या दृष्टीने तिथे भाषण सपाट जमिनीवरून चालते.

मग एक वळण येते. इथे मला थांबता आले असते, असे आंबेडकर म्हणतात. पण देशाच्या भवितव्याने मन इतके भरून आले आहे की त्याविषयी काही बोलणे मला भाग वाटते. ज्या कामासाठी उभे राहिलो ते काम संपले, आता जे बोलतो आहे ते मसुदा समितीचा अध्यक्ष म्हणून नव्हे, अशी ती सीमारेषा. दप्तर मिटले गेले. भिंतींवर दिसणारी सगळी वाक्ये या रेषेच्या पलीकडची आहेत, आणि त्यांचे वजन अलीकडच्या हिशेबातून आलेले आहे.

या उत्तरार्धाचा सांगाडा एका तारखेवर उभा आहे. '२६ जानेवारी १९५० रोजी' हे शब्द तीनदा येतात. पहिल्यांदा : त्या दिवशी भारत स्वतंत्र देश होईल. कामकाजाच्या नोंदीत इथे हर्षध्वनी आहे. दुसऱ्यांदा : त्या दिवशी भारत लोकशाही देश होईल, लोकांचे, लोकांनी चालवलेले, लोकांसाठी असलेले सरकार त्याला मिळेल. तिसऱ्यांदा : त्या दिवशी आपण एका विरोधांनी भरलेल्या आयुष्यात प्रवेश करणार आहोत.

तारीख तीच, वाक्याची चालही तीच. पहिल्या दोन वेळी कर्ता 'भारत' आहे, तिसऱ्या वेळी 'आपण'. आनंदाच्या वाक्यांत देश पुढे उभा आहे. दुखऱ्या वाक्यात ऐकणारे सगळे आत ओढले गेले आहेत. शिवाय पहिल्या दोन आवर्तनांनी कानाला सवय लावली आहे की या तारखेमागून काहीतरी मंगल येणार. तिसऱ्यांदा ती सवयच मोडते. पुनरुक्ती हा आपल्याकडे दोषही मानला आहे आणि गुणही. इथे ती सापळा आहे. त्यात अडकलेला ऐकणारा 'हे माझ्याविषयी नाही' असे म्हणू शकत नाही.

पहिल्या दोन आवर्तनांनंतर काय होते तेही पाहण्यासारखे आहे. भारत स्वतंत्र होईल. पण त्याच्या स्वातंत्र्याचे काय होईल? तो ते टिकवील की पुन्हा गमावील? आणि मग इतिहासाची ती प्रसिद्ध मालिका. सिंधवरील स्वारीत महंमद बिन कासिमच्या हस्तकांकडून लाच घेणारे दाहिराचे सेनापती. महंमद घोरीला बोलावणारा जयचंद. शिवाजी महाराज लढत असताना मोगलांच्या बाजूने लढणारे इतर मराठे सरदार आणि रजपूत राजे. इंग्रज शीख सत्ता मोडत असताना स्वस्थ बसलेला गुलाबसिंग. १८५७ मध्ये बघे राहिलेले शीख.

आजचा इतिहासकार या मालिकेतल्या प्रत्येक दाखल्यावर काही ना काही हरकत घेईल, आणि त्याने ती घ्यावी. राजनिष्ठा, प्रदेश, राष्ट्र या कल्पना आठव्या आणि एकोणिसाव्या शतकात सारख्या नव्हत्या. पण भाषण म्हणून हे दाखले तपासताना मला एक गोष्ट दिसते. दोष कोणा एकावर ठेवलेला नाही. सिंधी, रजपूत, मराठा, शीख, असा तो सगळ्या सभागृहावर वाटून टाकला आहे. ज्याला शेजाऱ्याचे नाव ऐकून बरे वाटले असेल, त्याचे स्वतःचे नाव पुढच्या वाक्यात आहे. परकीय आक्रमकांवर या परिच्छेदात राग नाही; सगळा प्रकाश आतल्या दारावर आहे. वक्ता महाराष्ट्राचा, आणि मराठ्यांच्या बाबतीत शिवाजी महाराजांचे नाव घेऊन 'इतर मराठे' त्यांच्याविरुद्ध होते हे तो विसरू देत नाही. महाराष्ट्रातल्या भाषणांत या प्रसंगाचा पहिला अर्धा भाग आपण हजारदा ऐकतो.

आणि मग : इतिहासाची पुनरावृत्ती होईल का? भारतीय देशाला पंथापेक्षा वर ठेवतील की पंथाला देशापेक्षा? 'मला ठाऊक नाही.' हे वाक्य ते स्वातंत्र्याबद्दल म्हणतात, आणि थोड्या वेळाने लोकशाहीबद्दल पुन्हा म्हणतात. बौद्ध भिक्षुसंघांत आसनव्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतमोजणी यांचे नियम होते. ही पद्धत भारताने गमावली. दुसऱ्यांदा गमावील का? मला ठाऊक नाही.

सभेतला प्रश्न बहुधा उत्तर खिशात ठेवूनच विचारलेला असतो. 'आपण हे सहन करणार का?' म्हटले की 'नाही' असा गजर ठरलेला. काकूने विचारलेला प्रश्न तो हाच : रूप प्रश्नाचे, अर्थ विधानाचा. आंबेडकरांच्या या दोन प्रश्नांना काकू नाही. ते खरेच प्रश्न आहेत. ज्याच्या हाताखालून ३९५ अनुच्छेद गेले, तो माणूस हे टिकेल का याचे उत्तर आपल्याकडे नाही असे सांगतो. सगळे काही माहीत असणारा वक्ता ऐकणाऱ्याला टाळी वाजवण्यापुरता शिल्लक ठेवतो. इथे उत्तराची जागा मोकळी आहे आणि ती भरण्याचे काम बाकावर बसलेल्यांकडे आले आहे.

आता त्या तिसऱ्या तारखेकडे. राजकारणात समता असेल, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता. राजकारणात एक माणूस, एक मत, आणि एक मत, एक मूल्य हे तत्त्व आपण मान्य करू. समाजात एक माणूस, एक मूल्य हे तत्त्व नाकारत राहू. मूळ शब्द 'लाइफ ऑफ कॉन्ट्रडिक्शन्स'. मराठीत त्यासाठी कधी 'विसंगती', कधी 'विरोधाभास', कधी 'अंतर्विरोध' असे शब्द वापरले जातात, आणि माझा खरा झगडा इथे आहे.

'विरोधाभास' हा अलंकारशास्त्राचा शब्द. त्याची व्याख्याच अशी की वरवर विरोध दिसतो पण विचार केल्यावर तो विरून जातो. विरोधाचा केवळ आभास. वाचकाला आधी धक्का, मग उलगडा, आणि उलगड्याचा आनंद. आंबेडकरांना जे म्हणायचे आहे ते याच्या बरोबर उलटे. हा विरोध विचार केल्याने विरत नाही. विचार केल्याने अधिक धारदार होतो. तो शब्दांत नाही, विहिरीवर आहे, शेताच्या मालकीत आहे, लग्नाच्या बैठकीत आहे. त्याला 'विरोधाभास' म्हणणे म्हणजे वक्त्याने ज्या गोष्टीचा पुरावा दिला तिला भास ठरवणे. 'विसंगती' हा शब्द त्या मानाने निरुपद्रवी, पण फारच सौम्य. मराठी समीक्षेने तर तो विनोदाच्या मीमांसेसाठी जवळजवळ राखून ठेवला आहे. 'अंतर्विरोध' जवळ जातो, मात्र त्याला मार्क्सवादी चर्चेचा वास आहे आणि याच भाषणात कम्युनिस्टांच्या टीकेला उत्तर दिलेले आहे. मी साधा 'विरोध' किंवा 'परस्परविरोध' पसंत करीन. एका शब्दाचा हा वाद काथ्याकूट वाटण्याचा संभव आहे. पण शाळेतल्या मुलाच्या कानावर 'विरोधाभास' पडला की त्याला ती भाषेची गंमत वाटते, आणि गंमत कोणी दूर करायला जात नाही.

हा विरोध आपण लवकरात लवकर दूर केला पाहिजे. नाहीतर विषमतेचे चटके सोसणारे लोक, या सभेने इतक्या कष्टाने उभारलेली राजकीय लोकशाहीची इमारत उडवून देतील. 'इतक्या कष्टाने' हे शब्द आले की सुरुवातीचे आकडे परत येतात. १६५ दिवस, १४१ दिवस, २,४७३ दुरुस्त्या. कष्टांचा तपशील सभागृहाने नुकताच ऐकला आहे, त्यावर खुशही झाले आहे. ती सगळी बेरीज आता सुरुंगावर ठेवलेली आहे. आकडे आधी आले नसते तर हे वाक्य धमकीसारखे वाटले असते. आकड्यांमुळे ते इमारत बांधणाऱ्याने स्वतःच दिलेली धोक्याची सूचना ठरते. 'ब्लो अप' याला मराठीत 'उद्ध्वस्त करतील' हा सभ्य शब्द सहज सुचतो. इमारत उद्ध्वस्त काळानेही होते, पुरानेही होते. सुरुंग मात्र कोणीतरी पेरावा लागतो, आणि तो पायथ्याशी पेरतात. राजकीय लोकशाहीच्या तळाशी सामाजिक लोकशाही नसेल तर ती टिकणार नाही, हे ते त्याआधीच सांगून चुकले आहेत. पाया, इमारत, स्फोट : रूपक एकच आहे, फक्त तुकड्यातुकड्याने उलगडलेले.

या इमारतीचा एक जुना नकाशा मराठीत आहे. ३१ जानेवारी १९२० च्या 'मूकनायक'च्या पहिल्या अंकात आंबेडकरांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली होती. एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि मजल्यांना जोडणारी शिडी नाही. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. १९४९ मध्ये समाजाच्या पायरीपायरीच्या विषमतेबद्दल ते बोलतात तेव्हा मनोऱ्याचे नाव घेत नाहीत. पण जवळपास तीस वर्षांचे अंतर ठेवून दोन्ही चित्रे शेजारी लावली की दिसते ते असे : शिडी नसलेल्या जुन्या मनोऱ्यावर नव्या लोकशाहीचा मजला चढवलेला आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडतानाही त्यांनी अशीच एक प्रतिमा वापरली होती, शेतीतली : भारतातली लोकशाही म्हणजे मुळात लोकशाहीविरोधी असलेल्या मातीवर दिलेले 'टॉप-ड्रेसिंग'. आपल्या शेतकऱ्याकडे यासाठी 'वरखत' हा नेमका शब्द आहे. 'वरवरचा थर' किंवा 'मुलामा' म्हटले की ढोंगाचा आरोप होतो. 'वरखत' म्हटले की प्रश्न मातीच्या कसावर जातो.

इतक्या मोठ्या चित्रांमध्ये सगळ्यात लहान चित्र मला सगळ्यात मोलाचे वाटते. स्वातंत्र्य, समता, बंधुता या त्रयीवर ते बोलतात. महाडच्या १९२७ च्या डिसेंबरातल्या परिषदेत त्यांनी त्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रान्समधील सभेशी केली होती. म्हणजे ही त्रयी त्यांच्यासोबत दीर्घकाळ होती. तिघींची एकमेकींपासून फारकत करता येत नाही, हे ते एखाद्या गणितासारखे मांडतात. समतेवाचून स्वातंत्र्य म्हणजे मूठभरांचे वर्चस्व. स्वातंत्र्यावाचून समता म्हणजे व्यक्तीच्या उमेदीचा अंत. आणि बंधुता नसेल तर? स्वातंत्र्य आणि समता सहज वृत्ती होणार नाहीत. त्यांच्या अंमलबजावणीसाठी शिपाई उभा करावा लागेल.

एवढ्या अमूर्त वाक्यांच्या रांगेत शेवटी खाकी कपड्यातला हवालदार येऊन उभा राहतो. मिलचे नाव घेणाऱ्या, जेफर्सनचा हवाला देणाऱ्या भाषणात हा शब्द अनपेक्षित आहे. पण ज्याने पाणवठ्यावर आणि मंदिराच्या दारात बंदोबस्ताचे पोलीस पाहिले आहेत, त्याला बंधुतेच्या अभावाचे दुसरे चित्र सुचणारही नाही. तात्त्विक लेखकांना बंधुतेची व्याख्या करताना घाम फुटतो. इथे व्याख्या केलेलीच नाही. ती नसली म्हणजे कोण लागतो एवढे सांगितले आहे. गावात एखादी मिरवणूक बंदोबस्तात निघते, एखादा नवरदेव पोलिसांच्या पहाऱ्यात घोड्यावर बसतो, तेव्हा हे वाक्य अजून ताजे असते.

ज्या दोन वाक्यांचे सुभाषित झाले आहे त्यांविषयीही थोडे. भक्तीचे वाक्य आपल्याला पाठ असते : धर्मात भक्ती हा आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, राजकारणात ती अधःपतनाचा आणि अखेर हुकूमशाहीचा खात्रीचा मार्ग आहे. इंग्रजी भाषणात 'भक्ती' हा आपला शब्द मुद्दाम ठेवला आहे. मराठीत 'भक्तिमार्ग' इतका रुळला आहे की त्यातला मार्ग आपल्याला दिसतच नाही. इथे तो पुन्हा रस्ता होतो आणि तो कुठे पोचतो हे विचारले जाते. क्रियापदांकडे पाहा : धर्माच्या बाबतीत 'असू शकेल', राजकारणाच्या बाबतीत 'खात्रीने आहे'. तोल दिसतो समान, पारडी समान नाहीत. 'असू शकेल' हा भाग अनेक उद्धरणांतून गळतो आणि धर्मातल्या भक्तीला त्यांनी बिनशर्त प्रमाणपत्र दिल्यासारखे वाटू लागते.

'ग्रामर ऑफ अनार्की', अराजकाचे व्याकरण, या शब्दप्रयोगाचेही तसेच. ज्याला नियम नाही त्याला व्याकरण कसे? शब्दांच्या या टकरीमुळे तो लक्षात राहतो, आणि त्यामुळेच तो कोणत्याही मोर्च्याच्या तोंडावर फेकता येतो. भाषणात त्याच्याआधी एक अट आहे : घटनात्मक मार्ग उपलब्धच नव्हते तेव्हा सत्याग्रह, असहकार यांना बरेच समर्थन होते, ते मार्ग खुले असताना नाही. चवदार तळे आणि काळाराम मंदिर यांचे सत्याग्रह ज्याने केले त्याच्या तोंडी ही अट पोकळ नाही. मार्ग खुले आहेत की नाहीत हा प्रश्न तिने प्रत्येक पिढीपुढे उघडा ठेवला. फक्त चार शब्द उचलले की अट जाते, उरतो तो दरारा.

सगळेच साधले आहे असे नाही. कृतज्ञतेच्या मर्यादेसाठी त्यांनी आयरिश देशभक्त डॅनियल ओकॉनेलचा हवाला दिला : पुरुषाने अब्रूच्या, स्त्रीने शीलाच्या आणि राष्ट्राने स्वातंत्र्याच्या मोबदल्यात कृतज्ञ राहू नये. तीन पायऱ्यांची चढण ऐकायला नेटकी आहे. पण स्त्रीची प्रतिष्ठा म्हणजे शील हे समीकरण एकोणिसाव्या शतकातले, आणि हिंदू कोड बिलासाठी झुंजणाऱ्या माणसाच्या भाषणात ते उसन्या कपड्यासारखे दिसते. उसना अलंकार असा कधी कधी दगा देतो. शिपाई आणि सुरुंग त्यांचे स्वतःचे होते.

शेवटाकडे येताना ते लिंकनच्या त्या तीन शब्दांकडे परततात. दुसऱ्या २६ जानेवारीच्या वेळी लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी हे तिन्ही एकत्र, जवळजवळ मंत्रासारखे आले होते. आता ते सुटे होतात. काळ बदलतो आहे, लोक 'लोकांनी चालवलेल्या' सरकारला कंटाळू लागले आहेत. 'लोकांसाठी' चालणारे सरकार मिळाले की ते लोकांचे आहे का आणि लोक चालवतात का याची त्यांना फिकीर उरलेली नाही. जो मंत्र होता तो इथे निवड झाला आहे. मराठीत हा फरक 'नी' आणि 'साठी' यांच्यात आहे. आपण घाईने 'लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी' एका दमात म्हणून टाकतो तेव्हा तिसरा शब्द पहिल्या दोघांना गिळू शकतो, हे कानावर येतच नाही. आंबेडकर 'साठी'ला 'नी'विरुद्ध उभे करतात आणि लोकांना 'साठी' अधिक आवडावे अशी स्थिती निर्माण करणारे दोष ओळखण्यात दिरंगाई नको, ते दूर करण्यात कमजोरी नको, असे सांगतात. देशसेवेचा हाच एक मार्ग.

आणि शेवटचे वाक्य : याहून चांगला मार्ग मला ठाऊक नाही. दोनदा 'मला ठाऊक नाही' ऐकलेल्या सभागृहाला हे तिसरे 'ठाऊक नाही' वेगळे ऐकू आले असेल. पहिल्या दोन वेळी देश काय करील हे वक्त्याला माहीत नव्हते. तिसऱ्या वेळी शब्द जवळजवळ तेच आहेत, आणि काय करायचे हे त्याला पक्के माहीत आहे.